पेडणे-डिचोलीचे मुंबईकर

डिसेंबरची एकोणीस तारीख उलटून मुक्तिदिनाची भाषणे संपली आणि नाताळच्या सुट्टीसाठी दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या भरू लागल्या, म्हणजे पेडणे आणि डिचोली या गोव्याच्या उत्तर सीमेवरील दोन महालांतून पोटापाण्यासाठी बाहेर पडलेला माणूस, मग तो गिरगावातल्या चाळीत राहत असो, डोंबिवलीच्या सदनिकेत असो की आखातातल्या एखाद्या कामगार वसाहतीत असो, मनातल्या मनात सरत्या वर्षाचा हिशेब मांडू लागतो. त्याची वर्षे तशी तीन आहेत: गावच्या देवळात भटजींनी पंचांग उघडून ज्याचे संवत्सरफल वाचायचे, ते चैत्री पाडव्याचे, दुकानदारीत असलेल्यांनी नव्या चोपडीवर कुंकू वाहून सुरू करायचे, ते कार्तिकी पाडव्याचे, आणि पगार, रजा व मुलांच्या शाळा यांनी बांधून टाकलेले इसवी सनाचे. वर्षे तीन असली तरी गावाशी असलेले खाते मात्र एकच आहे, आणि त्या खात्यात जमा काय व नावे काय, हा प्रश्न वर्षाच्या सांध्यावर त्याच्यापुढे हटकून उभा राहतो. पेडणे महालात जन्मून उभे आयुष्य मुंबईत काढलेला मीही त्यांच्यापैकीच एक असल्यामुळे या खात्याचा पूर्वेतिहास एकदा नीट मांडावा, असे फार दिवस मनात होते. कारण मागील पाने वाचल्याखेरीज पुढच्या वर्षाविषयी काही आशा बाळगणे हा निव्वळ मनोरथ ठरतो.

तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मधला पेडणे महाल आणि मांडवीच्या तीरापासून सह्याद्रीच्या पायथ्याकडे चढत गेलेला डिचोली महाल, हे दोन्ही प्रदेश आज माणसे बाहेर पाठविणारे म्हणून ओळखले जात असले, तरी त्यांचा मूळचा लौकिक परागंदा झालेल्यांना आसरा देणारे म्हणून आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी आणि बारदेश येथे पोर्तुगिजांनी देवळे पाडण्याचा आणि धर्मांतराचा सपाटा लावला, तेव्हा अनेक कुटुंबांनी आपले देव उचलून नदीपल्याडचा मुलूख गाठला. कदंब राजांचे कुलदैवत असलेला दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर याच लोंढ्यात नदी ओलांडून डिचोली महालातील नार्वे येथे आला, आणि शके १५९०, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८ रोजी, छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला आरंभ केल्याचा शिलालेख आजही त्या देवळाच्या द्वारावर आहे. पुढे औरंगजेबाविरुद्ध बंड करून दक्षिणेत उतरलेला त्याचा पुत्र अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाने याच डिचोलीत राहिला. गावातील नमाजगाह परंपरेने त्याच्याच नावाशी जोडली जाते. देव असो वा शहजादा, ज्याला स्वतःचे घर सोडावे लागले त्याला या भूमीने जागा दिली, ही गोष्ट तिच्या पुढच्या चरित्राचा विचार करताना विसरता येत नाही.

अठराव्या शतकात या मुलखाने धनी पुष्कळ पाहिले. सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल, मध्येच पोर्तुगिजांच्या स्वाऱ्या, त्यांनी १७४६ मध्ये घेतलेला हळर्णचा किल्ला, पुन्हा सावंतांचा कब्जा, असे होता होता १७८१ मध्ये डिचोली कायमची पोर्तुगिजांकडे गेली, आणि कोल्हापूरकरांशी चाललेल्या झगड्यात मदतीची निकड भासलेल्या खेम सावंतांनी जानेवारी १७८८ मध्ये पेडणे महालही तहाने त्यांच्या स्वाधीन केला. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या ‘जुन्या काबिजादी’. फोंडे, डिचोली, सत्तरी, पेडणे आदी महाल या ‘नव्या काबिजादी’. हा भेद केवळ दप्तरातला नव्हता. नव्या काबिजादी हाती आल्या तोपर्यंत धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि येथील रयतेच्या देवस्थानांना, चालीरीतींना व वतनांना हात न लावण्याचे धोरण पोर्तुगीज सरकारने पत्करले होते. त्यामुळे पेडणे-डिचोलीत देव, गावकरी, मानपान आणि मराठी शाळा ही जुनी घडी मोठ्या प्रमाणावर शाबूत राहिली. आणि ती शाबूत राहिली म्हणूनच येथून बाहेर पडणाऱ्या माणसाला परतण्यासाठी केवळ एक भूभाग न उरता एक ठरलेली जागा उरली.

गाव सोडून नाव मिळविणाऱ्यांची परंपरा येथे जुनी आहे. पेडणे महालातील केरी या गावचे जिवबादादा बक्षी केरकर महादजी शिंद्यांच्या पदरी उत्तर हिंदुस्थानात सेनानी म्हणून चढले, महादजींच्या निधनानंतर दौलतरावांच्या फौजेची धुरा सांभाळून १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत त्यांनी निजामाविरुद्ध यश मिळविले आणि पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते: ते उत्तरेत शिंद्यांची निशाणे मिरवीत असताना, १७८८ मध्ये, इकडे त्यांच्या जन्मगावाचा राजा बदलला. ज्या सावंतांच्या मुलखातून ते निघाले तो मुलूख आता लिस्बनच्या ताब्यात गेला होता. घर सोडून गेलेल्याच्या पाठीमागे घराचे काय होईल हे त्याच्या हाती नसते, या अनुभवाचा पेडणेकरांच्या बाबतीत हा बहुधा पहिला ठळक दाखला.

दुसरा दाखला डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचा. याच महालातील मांद्रे गावी १८२२ मध्ये जन्मलेला हा मुलगा मातीची चित्रे घडवून विकणाऱ्या वडिलांबरोबर मुंबईस आला, एल्फिन्स्टन विद्यालयात शिकला, ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत वैद्यकाचा पदवीधर झाला, दुसऱ्याच वर्षी स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचा चिटणीस झाला, प्राचीन शिलालेख व नाणी वाचण्यात विद्वानांच्या पंक्तीला बसला, आणि १८६९ व पुन्हा १८७१ मध्ये मुंबईचा शेरीफ झाला. त्या पदावर बसलेला तो पहिला भारतीय. राणीच्या बागेतील ज्या वस्तुसंग्रहालयासाठी त्याने खपून निधी जमविला, ते १८७२ मध्ये लोकांना खुले झाले आणि १९७५ पासून त्याच्याच नावाने ओळखले जाते. मुंबई शहराने पेडण्याच्या पुत्राला दिलेला हा मान मोठा आहे. परंतु मांद्र्याच्या शाळेतल्या किती मुलांना आपला हा पूर्वज ठाऊक आहे, असा प्रश्न मनात आला की खात्याच्या नावेकडच्या बाजूला एक ओळ वाढते.

जिवबादादा आणि भाऊ दाजी हे असामान्य पुरुष. त्यांच्यामागून गेलेल्या सामान्यांची कहाणी वेगळ्या कारणांनी घडली. पेडण्यातील बरीच गावे मोकासे म्हणून देशप्रभूंसारख्या घराण्यांकडे. डिचोलीतले मये गाव कोंद द मायें ही पदवी मिरविणाऱ्या पोर्तुगीज जमीनदाराकडे. कूळ कसणार दुसऱ्याची जमीन आणि मुंडकार राहणार दुसऱ्याच्या भाटात, अशी स्थिती. सरकारी नोकरीला पोर्तुगीज भाषा लागे आणि माध्यमिक शिक्षणासाठी पणजीचे लिसेव गाठावे लागे. पोर्तुगालमध्ये ऑक्टोबर १९१० मध्ये प्रजासत्ताक स्थापन होईपर्यंत हिंदूंना राज्यकारभारात बरोबरीचा हक्कही नव्हता. याउलट मराठी वाचता-लिहिता येणाऱ्याला मुंबईत पेढीवर, छापखान्यात, गिरणीच्या खात्यात किंवा सराफाच्या दुकानात काही ना काही धंदा मिळे. तेव्हा पेडण्याचा माणूस किरणपाणीला तर पार करून आरोंदा गाठी आणि वेंगुर्ल्याच्या बंदरातून आगबोटीत चढे. डिचोलीचा मांडवीतून होडीने पणजीला उतरे किंवा दोडामार्गावरून घाट चढून बेळगावची आगगाडी धरी. पावसाळ्यात आगबोटी बंद असत, म्हणून जाणे-येणे नारळी पौर्णिमेनंतर सुरू होई आणि चैत्र-वैशाखापर्यंत आटोपे. सप्तकोटेश्वराची अष्टमी, पेडण्याची कोजागिरीची पुनव, डिचोलीचा नवा सोमवार, शिमगा, आणि वैशाखातली शिरगावच्या लईराईची जत्रा: बाहेरगावच्या माणसाचे येणे यांपैकी कोणत्या तरी मुहूर्ताला बांधलेले असे, आणि कोणत्या मुहूर्ताला तो येतो यावरून त्याचे गाव ओळखता येई.

मुंबईच्या वास्तव्यात या दोन महालांनी दिलेल्या दोन व्यक्तींचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. पेडणे महालातील मालपे गावचे नाव लावणाऱ्या अंजनीबाई मालपेकर भेंडीबाजार घराण्याची विद्या घेऊन मुंबईत मोठ्या झाल्या आणि १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांना आपल्या रत्नसदस्यत्वाचा सन्मान दिला. डिचोलीस २३ जून १८७७ रोजी जन्मलेले वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजे कोकणी वाङ्मयाचे शणै गोंयबाब, यांनी मुंबईत राहून आपले लेखन केले आणि तेथेच १९४६ मध्ये देह ठेवला. गोमंतकीयांच्या गोव्याबाहेरच्या वसाहतींवर त्यांनी १९२८ मध्ये एक स्वतंत्र ग्रंथच सिद्ध केला. भाषेच्या वादात त्यांची बाजू एक आणि पेडणे-डिचोलीतल्या बहुसंख्य मराठीवाद्यांची दुसरी, हे खरे. परंतु परगावी गेलेल्या माणसाचाही इतिहास असतो आणि तो त्याच्याच माणसाने लिहावा लागतो, ही जाणीव आमच्यात प्रथम डिचोलीच्या या पुत्राने रुजविली, आणि ते ऋण उभय पक्षांनी मान्य केले पाहिजे.

मुंबईतल्या गोमंतकीय हिंदूंनी १९१९ मध्ये गोवा हिंदू असोसिएशनची स्थापना केली. गरजूंना साह्य आणि परस्परांत स्नेह या हेतूने निघालेल्या या संस्थेच्या कलाविभागाने पुढे मराठी रंगभूमीला ‘मत्स्यगंधा’ आणि १९७० मध्ये ‘नटसम्राट’ यांसारखी नाटके दिली, आणि गोव्यात बांदोडे येथे वृद्धांसाठी ‘स्नेहमंदिर’ उभारले. मुलांच्या घरून बाहेर पडावे लागलेल्या वृद्ध नटाची शोकांतिका ज्या संस्थेने रंगभूमीवर आणली, तिनेच मायभूमीत वृद्धांना निवारा दिला, हे वाचताना परगावी माणसाच्या संस्था गावासाठी काय करू शकतात याचा प्रत्यय येतो.

परंतु संस्था ही शहरातली व्यवस्था. गावाने आपल्या बाहेरच्या माणसासाठी केलेली व्यवस्था त्याहून जुनी आणि माझ्या मते अधिक सखोल आहे, आणि तिचे नाव गाऱ्हाणे. जत्रेच्या किंवा वार्षिकाच्या दिवशी पूजा आटोपली, की गावकर किंवा देवळी हाती श्रीफळ घेऊन देवासमोर उभा राहतो. मागे चौकात सारा गाव गोळा झालेला असतो. ढोल थांबतो, मुलांना दटावून गप्प केले जाते. प्रथम स्थळदेवतांना हाक जाते, सातेरी, रवळनाथ, भूमिका, माउली, सीमेवरचा, वाटेवरचा, पाणवठ्यावरचा असा एकेक देव नावाने बोलावला जातो. मग गावच्या गुराढोरांची, शेताभाताची, लेकीसुनांची, आजाऱ्यांची विनवणी होते. आणि मग ठरलेल्या जागी परगावी गेलेल्यांची पाळी येते. कोणी मुंबईस गेला, कोणी समुद्रापलीकडे गेला, त्याचे पाऊल सांभाळ, त्याच्या हाताला यश दे, त्याला बरेपणाने तुझ्या पायापाशी आण, अशा अर्थाचे मागणे गावकर एका श्वासात मागतो, आणि प्रत्येक मागण्याला सारा जमाव एका आवाजात ‘व्हय महाराजा’ म्हणतो. एखाद्या घरच्याने खास सांगितले असेल तर मुंबईतल्या मुलाचे नाव घेऊनही नारळ ठेवला जातो. हे सारे चालू असताना तो मुलगा कदाचित परळच्या एखाद्या कारखान्यात यंत्रावर उभा असेल. पण देवासमोर त्याची हजेरी लागलेली असते.

या हजेरीला लेखी जोडही आहे. गोव्यातील देवस्थानांच्या महाजनांची नोंद ठेवण्याची पद्धत पोर्तुगीज अमदानीत १८८६ च्या नियमावलीने आणि पुढे १९३३ च्या कायद्याने पक्की झाली, आणि महाजनाचे नाव तो कोठे राहतो यावर अवलंबून न ठेवता तो कोणत्या घराण्याचा आहे यावर ठरविले गेले. म्हणजे तीन पिढ्या मुंबईत राहिलेल्या घरातला मुलगा आजही गावच्या देवस्थानाचा महाजन असू शकतो, पालखीला खांदा देण्याचा मान मागू शकतो आणि कार्यकारिणीच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. कोणत्याही सरकारने आपल्या परदेशस्थ प्रजेला इतका टिकाऊ अधिकार दिलेला माझ्या पाहण्यात नाही. पण मान आणि जबाबदारी यांची जोडी जुन्या लोकांनी कधी मोडली नव्हती. ज्याचा मान, त्याची वर्गणी, त्याचा तेलाचा दिवा, त्याच्या वाट्याची देवळाची शाकारणी. आणि ते जमत नसेल तर निदान वर्षाकाठी एकदा समक्ष येऊन चुकल्यामाकल्याची क्षमा मागणे.

ही वहिवाट एकदा बळाने तुटली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी पेडणे महालाच्या टोकावरील तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला; पुढल्या वर्षी त्याच दिवशी पेडण्याच्या हद्दीवरील पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि पंजाबचा कर्नैलसिंग तेथे धारातीर्थी पडला. गोळीबारानंतर भारत सरकारने पणजीतील आपली वकिलात बंद केली, आगगाडी थांबली, मालाची आणि पैशाची ने-आण अडली, परवान्याशिवाय सीमा ओलांडणे अशक्य झाले. बांद्याला उभे राहिले की जो मुलूख डोळ्यांना दिसे, तेथे आई आजारी असली तरी जाता येईना. १९५९ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यात रुपयाऐवजी एस्कुदो चालविला, तेव्हा मुंबईच्या कमाईचे आणि गावच्या खर्चाचे चलनसुद्धा वेगळे झाले. किती जत्रा, किती लग्ने, किती अंत्यविधी या सहा वर्षांत बाहेरच्यांवाचून पार पडले असतील, याची गणती कोणी केलेली नाही. परंतु गाऱ्हाण्यातले परगावी माणसाचे मागणे त्या काळात एकाही वर्षी गाळले गेले नाही, असे त्या पिढीतल्या वृद्धांकडून मी ऐकले आहे.

१८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे भारतीय सैन्य दोडामार्ग आणि इतर वाटांनी गोव्यात शिरले आणि १९ तारखेच्या रात्री गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. त्यानंतर पंधरवड्याच्या आत जे १९६२ साल उजाडले, ते या दोन महालांच्या परगावी माणसाला मिळालेले पहिले मोकळे नववर्ष. आज आम्ही डिसेंबरअखेर गावी जातो ते सुट्टी असते म्हणून. पण त्या वर्षी जे गेले, त्यांनी हा वर्षसंधीचा काळ आमच्या खात्यात कायमचा जमा करून ठेवला.

मुक्तीनंतरची साठ वर्षे मात्र सरळ रेषेत गेलेली नाहीत. पेडण्यात जन्मलेले दयानंद बांदोडकर १९६३ च्या डिसेंबरात पहिले मुख्यमंत्री झाले आणि गावोगावी मराठी शाळा उघडल्या. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याने कसणाऱ्याला व राहणाऱ्याला संरक्षण मिळाले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मते संघप्रदेशाच्या बाजूने आणि १,३८,१७० महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने पडली. पेडणे-डिचोलीचा ओढा विलीनीकरणाकडे होता, परंतु गोव्याबाहेर राहणाऱ्या गोमंतकीयांना त्या कौलात मत देता आले नाही. त्या निर्णयाविषयी माझ्या पिढीच्या मनात काही काळ खंत होती. आज वाटते ते असे की गावात राहणाऱ्यांनी जो निवाडा केला तो मान्य करून वागण्यातच परगावी माणसाची शोभा आहे, आणि १९८७ मध्ये घटक राज्य झालेल्या गोव्याने या दोन महालांची मराठी शाळा आणि मराठी रंगभूमी जिवंत ठेवली, हे समाधान लहान नाही.

बाहेर जाण्याची कारणेही बदलली. डिचोलीत लोहखनिजाच्या खाणींनी अनेकांना घरी थांबविले, परंतु सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रथम राज्य सरकारच्या आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या, आणि मधल्या काळात काही सुरू होऊन मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या, तेव्हा हप्त्याने घेतलेले ट्रक अंगणात उभे राहिले आणि कित्येक तरुणांनी आखाताची वाट धरली. काहींनी आणखी दूरचा मार्ग निवडला: १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या कायद्याने तेथील नागरिकत्व नोंदविता येते, आणि आपल्या राज्यघटनेत दुहेरी नागरिकत्व नसल्यामुळे ते घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व जाते. ज्या सत्तेच्या अंमलात आजोबाला बरोबरीचा हक्क नव्हता, तिच्याच पारपत्रावर नातू इंग्लंडात कामाला गेला. त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही, कारण पोटासाठी गेलेल्याच्या मार्गाची चौकशी आमच्या गाऱ्हाण्यानेही कधी केली नाही.

आता चित्र पुन्हा पालटते आहे. मोपाच्या पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. वेंगुर्ल्याच्या आगबोटीसाठी ज्याच्या आजोबाने तरीवर रात्र काढली, तो नातू मुंबईहून तासाभरात पेडण्यात उतरतो. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे देऊळ डागडुजी होऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये भाविकांना खुले झाले. मये गावची जमीन, जिचा मालक मुक्तीनंतर निघून गेल्यामुळे ती निर्वासित मालमत्ता म्हणून दीर्घकाळ अभिरक्षकाच्या ताब्यात होती, तिच्या बाबतीत २०१४ मध्ये कायदा होऊन पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या मालकीचा मार्ग निघाला. वाट जवळ आली, देऊळ उभे राहिले, जमिनीला मोल आले. आणि नेमक्या याच वेळी पेडण्याच्या वाड्यावाड्यांतून कुलूप लागलेली घरे वाढत आहेत.

माझ्या पाहण्यातल्या एका घराण्याच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा मी वाचला. कब्जेदाराच्या रकान्यात तीन भावांची नावे. तिघेही दिवंगत, धाकटा जाऊनही बरीच वर्षे झालेली. आमच्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता वारसाच्या बाबतीत मुलगा-मुलगी भेद करीत नसे आणि पत्नीला संसाराच्या मालमत्तेत निम्मा वाटा देई. हेच तत्त्व आजच्या गोव्याच्या वारसा कायद्यातही कायम आहे. ही न्याय्य व्यवस्था असल्यामुळे त्या तीन नावांचे आज मुंबई, ठाणे, मस्कत आणि इंग्लंड अशा चार दिशांना विखुरलेले पुष्कळ वारस झाले आहेत. त्यांच्यातल्या कोणीही वारसावाटणीसाठी इन्व्हेंटरीचा दावा लावलेला नाही, म्हणून घर दुरुस्त करता येत नाही, मुंडकाराच्या घराखालची जागा त्याच्या नावे करून देता येत नाही, आणि मग एके दिवशी दूरचा कोणी गिऱ्हाईक एकेका वारसाची सही विकत घेत येतो. घराच्या पडवीचे छप्पर बसले आहे. उंबऱ्यावर मात्र शेजारची मुंडकाराची म्हातारी सणावारी रांगोळी घालते, कारण घर रिकामे असले तरी उंबरा रिकामा असू नये, असे ती मानते. मालकाने सोडलेले कर्तव्य तिने उचललेले आहे.

म्हणून नव्या वर्षाविषयी माझ्या आशा मोठ्या नाहीत. त्या घरच्या घरी पुऱ्या करता येण्याजोग्या आहेत. विमानतळ आणि नव्याने लिलाव झालेल्या खाणी यांतल्या नोकऱ्या प्रथम या दोन महालांच्या मुलांना मिळाव्यात, ही अपेक्षा सरकारकडून आहे आणि ती आपण वारंवार बोलून दाखविली पाहिजे. उरलेल्या अपेक्षा आपल्या स्वतःकडून आहेत. ज्याच्या घरी आगबोटीची तिकिटे, मनिऑर्डरीच्या पावत्या, सीमाबंदीच्या काळातले परवाने आणि पत्रे पडून आहेत, त्याने ती रद्दीत न टाकता पणजीच्या पुराभिलेख खात्याला किंवा मध्यवर्ती ग्रंथालयाला दाखवावीत; शणै गोंयबाबांनी आरंभिलेला इतिहास त्यांतूनच पुढे लिहिला जाईल. ज्याला जमीन विकावीच लागेल, त्याने प्रथम भाऊबंदाला, मग मुंडकाराला आणि मग गावाला विचारावे. महाजन म्हणून ज्याचे नाव नोंदवहीत आहे त्याने पालखीच्या मानाबरोबर देवळाच्या शाकारणीचाही वाटा उचलावा.

पेडणे-डिचोलीने देवांना आणि परागंदांना आसरा दिला, आणि आपली मुले बाहेर गेली तरी त्यांचे नाव देवासमोर घेणे सोडले नाही. गावाने आपली बाजू दोनशेहून अधिक वर्षे पाळली आहे. राहिली आहे ती आपली. तेव्हा परगावच्या माझ्या बंधुभगिनींनो, येत्या चैत्री पाडव्यापर्यंत एवढे एक काम करा: आपल्या घराचा एक-चौदाचा उतारा काढा, त्यावरच्या दिवंगतांच्या जागी हयात वारसांची नावे लावण्याचा अर्ज द्या, आणि आपल्या भाटात राहणाऱ्या मुंडकाराचे घर त्याच्या नावे करून द्या.